फ्लेक्सखालचं वाळवण

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०.
संताप आवरत नाही म्हणून नवी वही काढली.

आज रापण ओढली. चाळीस माणसं, दीड तास दोर ओढून हात सोलवटले, आणि जाळ्यात काय? पेडव्यांच्या दोन टोपल्या आणि सतरा सॅनिटरी पॅड. सतरा! मी मोजले. पाणी पिऊन उशीएवढे फुगलेले. आमच्या रापणीचा म्होरक्या बाबली, त्याने एक काठीवर उचलून धरला आणि म्हणाला, "सुशांत, हो काय मासो गावलो बघ." सगळे हसले. मी हसलो नाही. मी स्वच्छ किनारा समितीचा निमंत्रक आहे.

कोण टाकतं हे? लोकांना लाज उरलेली नाही. आमच्या घरचेही खाडीत जातात, पण पेपरात नीट गुंडाळून, ओहोटी बघून. ते असे परत येत नाहीत.

निश्चय: वर्षअखेरपर्यंत वाडी पॅडमुक्त. कापडी पॅड! या विषयात पुरुषांनीच पुढे व्हायला हवं. बायका बोलायला लाजतात.

७ ऑक्टोबर.
दोन दिवस सखोल अभ्यास. अकरा व्हिडिओ पाहिले. प्लास्टिकचा पॅड शेकडो वर्षं कुजत नाही. कापडी पॅड धुऊन धुऊन वर्षानुवर्षं चालतो. मात्र एक अट: कडक ऊन. सावलीत वाळवला तर ओल राहते, बुरशी धरते. हा मुद्दा वाडीतल्या एकाही बाईला ठाऊक नसणार.

किशोरीला (बायको) पाळीविषयी बरीच नवीन माहिती दिली. भाकऱ्या थापत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "असां काय?" प्रगती आहे.

घोषवाक्य सुचलं: कपडा वापरा, ऊन द्या, समुद्र वाचवा!

१० ऑक्टोबर. दुपार.
फ्लेक्स आला. सहा बाय चार. घोषवाक्य ठळक, खाली माझा फोटो, त्यात माझे डोळे मिटलेले! दुकानदार म्हणतो, तुम्हीच पाठवला. पाठवला म्हणून काय झालं? त्याला डोळे नाहीत का? दुसरा करायला लावला. पहिला फेकवत नाही, प्लास्टिक आहे, पर्यावरणाचा प्रश्न. लाकडांच्या खोपीत ठेवला.

१२ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ.
सभा झाली. शाळेच्या पडवीत. मी पन्नास मिनिटं बोललो. उन्हावर तर निम्मा वेळ बोललो. "सूर्यनारायणापासून काय लपवता?" असं विचारलं. बायका खाली बघत होत्या. भारावल्या असाव्यात.

प्रश्नोत्तरांत एकीने पाळीच्या कपबद्दल विचारलं. तो विषय मी पुढच्या टप्प्यावर ठेवला. (व्हिडिओ अर्धाच पाहिला होता.) तेवढ्यात शेजारची तेरेझा उठली आणि कप कसा दुमडायचा, किती तासांनी रिकामा करायचा, उकळायचा कसा, सगळं हातवारे करून सांगितलं. पुढची वीस मिनिटं सगळ्या तिच्याभोवती. मी माइक धरून उभा. ही तेरेझा टेलर आहे, ब्लाउज शिवते, हिला कोणी विचारलं होतं? जाताना मला म्हणाली, "सुशांत, भाषण बरां केलंस. पण कापडाच्यो घड्यो किती घालूच्यो, तां सांगूक इसारलंस."

विसरलो नव्हतो. वेळ नव्हता.

तरी उदार मनाने तिलाच कापडी पॅड शिवायची ऑर्डर दिली. पहिलं आदर्श घर माझं. आठ अक्षयासाठी, सहा किशोरीसाठी.

ता. क. अक्षया (मुलगी, नववी) कबड्डीच्या जिल्हा निवडीसाठी नाव देते म्हणाली. २३ नोव्हेंबर, ओरोस. चढाईत ती चांगली आहे, तिचे सर म्हणतात या वयात अशी पायाची चपळाई त्यांनी पाहिली नाही. परवानगी दिली, पण स्पष्ट सांगितलं: हे शेवटचं. पुढच्या वर्षी दहावी. दहावीला कबड्डी नाही म्हणजे नाही. बापाने कधीतरी कडक व्हावं लागतं.

१६ ऑक्टोबर.
पॅड आले. फुलाफुलांचं कापड, वर बटण. अक्षयाने हातात घेऊन उलटसुलट बघितले, वास घेतला, म्हणाली, "बाबा, बरे आसत." माझा ऊर भरून आला. ही पोर माझ्यावर गेली आहे. तिच्यासाठीच हे सगळं चाललंय, नाहीतर मला काय गरज?

१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ८.
ऐन दिवाळीत अक्षया काल बाजूला बसली.

आमच्या घरी चार दिवस पाळतात. बाईने वेगळं बसायचं, देवघर नाही, बावीला (विहिरीला) हात नाही. मी स्वतः असलं काही मानत नाही. आई मानते. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, तिचं मन मोडवत नाही. तिच्या सोयीसाठी मी कॅलेंडरवर लाल पेनाने खुणाही करतो, 'कि.' आणि 'अ.', म्हणजे तिला चुकून विटाळ व्हायला नको. वीस वर्षांत एक महिना चुकलेला नाही. मुलगा असावा तर असा.

अडचण: कापडी पॅड धुवायला पाणी फार लागतं. बावीला हात नाही, तर पाणी कोण काढणार? क्रांती करायची तर त्याग हवा. मीच काढलं. सहा कळश्या.

दुपारी १.
कंबर धरली. चिडून आईला म्हणालो, तुझ्यामुळे हे. ती चकल्या पाडत होती. म्हणाली, "माझ्यामुळां? मी काय केलंय?" वय झालं, काही लक्षात राहत नाही.

दुपारी ३.
डोकं फुटायची वेळ आली! पाहुण्यांसाठी खुर्च्या लावायला पुढे गेलो, तर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, दोन माडांमधल्या दोरीवर, अगदी गेटसमोर, अक्षयाने पॅड वाळत घातलेले. चार. रांगेत. फुलाफुलांचे. आमच्याकडे दोन खोल्या पाहुण्यांना देतो, पुण्याचं कुटुंब चहा पीत बसलेलं, समोर हे तोरण!

ओढून काढले. अक्षया म्हणाली, तुम्हीच तर सांगितलं, कडक ऊन. मी म्हणालो, ऊन म्हणजे तत्त्व. तत्त्व वेगळं, गेटसमोर वेगळं. शिवाय आजीला काय वाटेल? आजी पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. तिला धक्का बसल्याचं स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळ.
तोडगा काढला. मागीलदारी लाकडांची खोप आहे, तिच्यात दोरी बांधली. वाऱ्याने उडून कोणाला दिसू नयेत म्हणून वरून तो पहिला फ्लेक्स टाकला. अंगावरच्या चादरीसारखा बरोबर बसला. वाया गेलेल्या वस्तूचा पुनर्वापर! याला म्हणतात खरं पर्यावरण.

२१ ऑक्टोबर.
खोपीत रोज तपासणी करायचं ठरवलं. नाहीतर ही पोरगी पुन्हा खळ्यात घालेल. अक्षयाचे आठ, बरोबर. सहा दोरीवर, दोन वापरात. किशोरी सांगत होती, "अजून वले आसत वो. थंय ऊन खंय आसा?" मी म्हणालो, वाळतील, वारा आहे. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

तेरेझाच्या गच्चीवर घालू का, असंही विचारलं. साफ नाही. आपल्या घरचं आपल्या घरात.

३ नोव्हेंबर.
दुसरा फ्लेक्स वाडीच्या नाक्यावर लागला. डोळे उघडे. बाबली येता-जाता नमस्कार करतो. टिंगल आहे, समजतं मला.

आनंदाची बातमी: तालुक्याहून पाहणी पथक येणार. स्वच्छ वाडी स्पर्धा. शुक्रवार, २८ नोव्हेंबर. प्रमाणपत्र मिळेल. भिंतीवर जागा बघून ठेवली.

किशोरीचे या वेळचे पॅड मात्र खणखणीत वाळतात, सकाळी धुतले की संध्याकाळी कपाटात. खोपीत दिसतसुद्धा नाहीत. विचारलं तर म्हणाली, हाताक वळण लागता. पिळण्याची शिस्त! अक्षयाने आईकडून शिकावं. किशोरी हल्ली दुपारची तेरेझाकडे मशीन शिकायला जाते, तेही चांगलंच.

१६ नोव्हेंबर, रविवार.
'अ.' सुरू. कॅलेंडरवर खूण केली. सहा कळश्या. कंबरेला पट्टा बांधून काढल्या. आई म्हणाली, "कित्याक मरतंस रे तू?" तिचीच माया. तिच्यासाठीच मरतोय, आणि तीच विचारते.

अक्षया सकाळी सरावाला गेली नाही. निवड आठवड्यावर आली आणि ही झोपून! बोललो. मोबाइल काढून घेतला.

१८ नोव्हेंबर.
खोपीत तपासणी. हिशेब बरोबर, आठ. फ्लेक्सच्या आतल्या बाजूला घाम आल्यासारखं पाणी. एका पॅडवर काळे ठिपके. डिझाइन असावं.

२० नोव्हेंबर.
ही पोरगी चालते कशी, पाय फाकवून, संथ. विचारलं तर, काही नाही. सराव चुकवते, पानावर बसते तर अर्धं जेवून उठते. किशोरी म्हणाली, तिचं अंग बरं नाही, तिला डॉक्टरकडे नेऊया. मी म्हणालो, निवडीची भीती आहे, दुसरं काही नाही. मी तिच्या वयात तापात पोहून गेलो होतो. (किती अंतर, ते आठवत नाही.)

आजकालच्या मुलांना कष्ट नको. सगळं आयतं हवं.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.


अक्षया ओरोसला गेली नाही. सहाला मी गाडी काढून उभा. पाण्याची बाटली, ग्लुकोज, माझी स्वच्छ किनारा समितीची टोपी. ही पडवीत बसून रडते. म्हणते, पळता येणार नाही. का? सांगत नाही. मी खूप बोललो. आळशी म्हणालो. मुद्दाम शेवटची संधी घालवलीस म्हणालो. आई मध्ये पडली तर तिलाही बोललो. सर फोनवर फोन करत होते. नऊला चढायांची चाचणी सुरू झाली, तेव्हा आम्ही खळ्यात एकमेकांवर ओरडत होतो.

आणि गाडीतली टोपी अजून तशीच आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
किशोरीने मला न विचारता अक्षयाला मालवणला डॉक्टरबाईंकडे न्यायचं ठरवलं. मी म्हणालो, मीही येतो. डॉक्टरांना आपल्या मोहिमेची माहिती देता येईल, म्हणून पत्रकं घेतली.

आधी दोघी आत गेल्या. मग मला बोलावलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ओला कपडा वापरून त्वचेला बुरशीचा संसर्ग झाला आहे, वर घासून जखमा. महिनाभरापासून त्रास आहे. मागच्या महिन्यातल्या पाळीपासून. म्हणजे दिवाळीपासून ही पोर अशी चालत होती, पळत होती, चढाया करत होती.

त्यांनी विचारलं, कापड कुठे वाळवता? मी तयारच होतो. म्हणालो, कडक उन्हातच वाळवायला हवं, सावलीत वाळवला तर ओल राहते, बुरशी धरते. तोंडपाठ आहे मला. त्या म्हणाल्या, ते मला माहीत आहे, तुमच्या घरी कुठे वाळवता?

अक्षया खाली बघून म्हणाली, "खोपीत. बाबांच्या फ्लेक्सखाली."

डॉक्टरबाईंनी टेबलावरच्या पत्रकाकडे बघितलं. मोठ्या अक्षरात 'ऊन द्या'. मग माझ्याकडे. मी म्हणालो, घरी आई आहे, जुन्या विचारांची आहे, तिच्यासाठी पाळावं लागतं.

पत्रकं तिथेच राहिली. परत मागायला गेलो नाही.

दुपारी ४.
घरी येऊन आईवर फुटलो. वीस वर्षांचा राग एकदम आला. म्हणालो, तुझ्या सोवळ्यापायी पोरीची ही दशा झाली. आता तरी सोड!

आई तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. म्हणाली, "काय सोडू? तुझो बापूस गेलो, त्या वर्साच सोडलंय."

बाबा जाऊन बारा वर्षं झाली.

मी म्हणालो, मग बाव? म्हणाली, बावीचं काय? माझी पाठ वळली की, आणि हल्ली मी सहा कळश्या काढून कंबर धरून झोपलो की, दिवसभर लागेल ते पाणी जिला हवं ती काढते. बाजूला बसलेली असो नाहीतर नसो. बारा वर्षं. त्याच पाण्याचा चहा मी पितो.

मी कॅलेंडर दाखवलं. ह्या खुणा कोणासाठी केल्या मग? ती जवळ जाऊन डोळे बारीक करून बघत राहिली. म्हणाली, "माका ह्यां वाचूक येता खंय? मोतीबिंदू झाल्यापासना तारीख पण तुमकाच इचारतंय." आणि मग, "तुका आवडता म्हणान आमी गप रवलव. म्हटलां, आसांदे. आरडत बसतलो नायतर."

म्हणजे या घरात पाळणारा मी एकटा.

किशोरी चुलीकडून तशीच पाठमोरी म्हणाली, तिचे पॅड तेरेझाच्या गच्चीवर वाळतात. मशीन शिकायला म्हणून जाते ते तेवढ्यासाठी. खरं तर तीन वर्षांपासून ती कापडीच वापरते, तेरेझाकडूनच घेतले होते पहिले.

मी विचारलं, मग अक्षयाचे का नाही नेले?

म्हणाली, "अक्षयाचे तुमी मोजत होतात."

२५ नोव्हेंबर.
काही लिहिण्यासारखं नाही.

२६ नोव्हेंबर.
सकाळी उठलो तर खोपीतली दोरी नाही. अक्षयाने सोडून पुन्हा पुढे बांधली, दोन माडांमध्ये. जुने पॅड किशोरीने जाळले, तेरेझाने आठ नवे दिले. धुऊन दोरीवर घातलेत, गेटसमोर. वापरायच्या आधी एकदा धुऊन उन्हात घालायचे असतात म्हणे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल.

मी काढले नाहीत. पण परवा पथक येणार, त्या दिवसापुरते तरी बाजूला घेता येतील का, असं किशोरीला विचारायचं ठरवलं. विचारलं. तिने दोरीला आणखी एक चिमटा लावला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
पथक आलं. तीन जण, प्रमुख बाई. मी भाषण तयार ठेवलं होतं, सुधारित, नऊ मिनिटांचं. बाई गेटात शिरल्या आणि दोरीपाशी थांबल्या. पॅड डोक्यावर लोंबत होते. मी म्हणालो, "मॅडम, पुढे या, पाहुण्यांच्या खोल्या दाखवतो." त्या म्हणाल्या, थांबा. अशी दोरी मी या तालुक्यात पहिल्यांदा बघते. कोणी बांधली?

अक्षया म्हणाली, मी. शिवले तेरेझाबाईंनी.

मग त्या तेरेझाकडे गेल्या. दीड तास तिच्याकडे होत्या. कप, कापड, घड्या, किती बायका वापरतात. त्रेचाळीस. माझ्या सभेच्या आधी एकोणचाळीस होत्या.

म्हणजे मी चार वाढवल्या. ही आकडेवारी कोणी बोलून दाखवली नाही.

प्रमाणपत्र तेरेझाच्या नावाने येणार. माझ्या भिंतीवर खिळा ठोकलेला आहे. काढला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार.
रापण. नऊ पॅड. बाबलीने मोजले. मी मोजले नाहीत. एक पेपरात गुंडाळलेला होता, घडी ओळखीची वाटली. आमच्या पेपरवाल्याचाच पेपर, पण तो सगळ्या वाडीत देतो.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.
'अ.' सुरू. खूण केली नाही, आपोआप समजलं. सवयीने कळशी घेऊन बावीवर गेलो. अक्षया आधीच तिथे होती. राटावरून पाणी ओढत होती. माझ्या हातातून कळशी घेतली आणि म्हणाली, "बाबा, तुमची कंबर सांभाळा. माझां मी काडतंय." रागाने नाही म्हणाली. तेच जास्त लागलं.

चालणं तिचं आता बरं आहे. पाणी घेऊन पायऱ्या चढताना धावतच चढली.

खळ्यात पाहुणे होते. कोल्हापूरचे. त्यांच्या बाईंनी दोरीकडे बघून विचारलं, हे काय? मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. पन्नास मिनिटं बोललो होतो मी शाळेच्या पडवीत! आईने पायरीवरून सांगून टाकलं, नातीचे आसत, वाळतत. त्या बाई म्हणाल्या, छान. एवढंच. आणि चहा पिऊ लागल्या.

दुपारी २.
धीर करून अक्षयाला विचारलं, पुढच्या वर्षीची निवड कधी असते? मी नेईन. स्वतः नेईन, सहाला, गाडीने.

ती दोरीवरचे पॅड उलटे करत होती, दुसऱ्या बाजूला ऊन लागावं म्हणून. म्हणाली, पुढच्या वर्षी दहावी. दहावीला कबड्डी नाही म्हणजे नाही. तुमीच सांगितलंत.

मी म्हणालो, असं मी म्हणालो नव्हतो.

मग आत येऊन ही वही काढली. १२ ऑक्टोबरचं पान. अक्षर माझंच आहे.